आधी वजन करा, मग खड्डा खणा

बडोद्याच्या निजामपुऱ्यात कचऱ्याची निम्मी अडचण वेळेची आहे. घरांचा कचरा सकाळी तयार असतो आणि गाडीही सकाळीच येते. खालच्या दुकानांचा कचरा मात्र दिवेलागणीनंतर साठायला लागतो. शटर पडतं तेव्हा गाडी जाऊन बारा-चौदा तास झालेले असतात, पुढची यायला अजून रात्र जायची असते. तेवढ्या वेळात कुत्री आणि गायी पिशव्या फोडतात, सकाळी सफाईला येणाऱ्या बेन ते सगळं पुन्हा गोळा करतात, आणि रविवारच्या बैठकीत वरचे रहिवासी आणि खालचे दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग कुणीतरी सुचवतं की सोसायटीसाठी कंपोस्टची टाकी घेऊ. वर्गणी निघते, टाकी येते. पहिल्या पावसात तिच्यातून वास सुटतो, चिलटं दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचतात आणि टाकी कुलूप लावून कोपऱ्यात ढकलली जाते. यात टाकीचा दोष क्वचितच असतो. आपला कचरा किती, कसला आणि कुठल्या वेळचा, हे कुणी तपासलेलंच नसतं. म्हणून या लेखात खत करण्याच्या कृतीआधी आठवडाभराच्या तपासणीबद्दल लिहितो आहे. ती नीट झाली तर पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

तपासणीसाठी लागतं ते सगळं घरातलं किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं आहे: लटकवायचा वजनकाटा, एक ताडपत्री, रंगाचे २० लिटरचे दोन-तीन रिकामे डबे, लांब चिमटा, जाड रबरी हातमोजे, बंद बूट, मास्क आणि एक वही. ताडपत्री सावलीत पसरा. कचरा निवडताना हात पिशवीत घालायचा नाही, पिशवी ताडपत्रीवर ओतायची. ब्लेड, फुटलेली काच आणि इन्सुलिनच्या सुया असतातच. मुलांना आकडे लिहायला बसवा, निवडायला नको. बेनची मदत घेणार असाल तर त्या वेळाचे पैसे वेगळे द्या. हे त्यांच्या नेहमीच्या कामात धरलेलं नाही.

चाळीस घरांच्या सोसायटीत सगळा कचरा रोज निवडणं झेपत नाही. त्यासाठी नगरपालिकांचे अभियंते वापरतात ती सोपी रीत आहे. सगळा कचरा एका ढिगात नीट मिसळायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढायचे आणि उरलेल्या दोनांचा पुन्हा ढीग करायचा. असं दोनदा केलं की एक चतुर्थांश कचरा उरतो आणि तो सबंध ढिगाचा बऱ्यापैकी खरा नमुना असतो. एकूण वजन मात्र रोज पूर्ण ढिगाचं घ्या.

वहीत रकाने असे ठेवा: कच्चा ओला (सालं, देठं, फुलं, चहाचा चोथा), शिजवलेला ओला, पस्तीवाला (म्हणजे रद्दी-भंगारवाला) पैसे देतो तो सुका, पस्तीवाला घेत नाही तो सुका, सॅनिटरी पॅड आणि डायपर, औषधं-बॅटऱ्या-ट्यूबलाइट-रंग, झाडाचा पालापाचोळा, आणि झाडलोटीची धूळ-माती. शेवटचा रकाना लोक वगळतात आणि तिथेच हिशेब चुकतो. माती जड असते, तिच्यामुळे वजन फुगतं आणि ओल्या कचऱ्याचा टक्का खोटा दिसतो. दुसरी चूक उलट बाजूने होते. कागदी कप आणि थर्माकोलचं वजन नगण्य, पण जागा प्रचंड. म्हणून प्रत्येक गोष्टीचं वजनही लिहा आणि २० लिटरचे किती डबे भरले तेही लिहा. खताचा खड्डा किलोवर ठरतो, दुकानदाराच्या झाकणवाल्या पेटीचं माप लिटरवर.

सलग सात दिवस करा, शनिवार-रविवार धरून. आणि कृपा करून वहीत घराचा क्रमांक लिहू नका, ताडपत्रीवरच्या कचऱ्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. माणसाच्या आजारपणापासून व्यसनापर्यंत सगळं त्याच्या कचऱ्यात दिसतं. एकदा कुणाची चारचौघांत शोभा झाली की त्या घराकडून पुढे कचरा नीट येणार नाही. आपल्याला हवा आहे तो सोसायटीचा आकडा, घराचा नको.

दुकानांची तपासणी वेगळी करावी लागते, रात्री, शटर पडताना. एक सेव-उसळवाला घ्या. त्याची दिवसाअखेरची पिशवी ताडपत्रीवर ओतली की वर येतात कांद्याची सालं आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी, त्याखाली पावाच्या लादीच्या पातळ पिशव्या, तरीने लाल झालेले कागदी द्रोण, अर्धवट खाल्लेले पाव, सेवेची रिकामी मोठी पाकिटं आणि तळाशी सांडलेली तरी. ओल्या कचऱ्याचं वजन यात निम्म्याहून जास्त भरू शकतं, पण तो तरीत भिजून सगळ्याला चिकटलेला असतो. हाच कचरा तीन भांड्यांत पडला असता तर सालं-लिंबं सरळ खताला गेली असती, पावाच्या पिशव्या कोरड्या राहून पस्तीवाल्याकडे गेल्या असत्या. कचरा तोच, फक्त तरी मध्ये आली. अशा दुकानदाराला ‘कचरा वेगळा करा’ एवढंच सांगून भागत नाही. त्याच्या हाताशी, जिथे तो कांदा चिरतो तिथे एक डबा आणि जिथे गिऱ्हाईक ताटली ठेवतं तिथे जाळीचा दुसरा डबा द्यावा लागतो. जाळीतून तरी खाली गळते, वर घन भाग उरतो.

शेजारच्या फरसाणवाल्याचा प्रश्न तेलाचा. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असं तेल मोरीत ओतलं तर मलवाहिनीत थिजून बसतं, खतात ओतलं तर ढिगातली हवा बंद करतं. ते डब्यात साठवून बायोडिझेलसाठी तेल गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्यायचं असतं आणि त्याचे पैसेही मिळतात. सलूनमधले केस खताच्या ढिगात घालू नका, फार सावकाश कुजतात आणि गुंतवळ होते. शिंप्याच्या चिंध्यांत सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं असतं, म्हणून त्या सुका कचराच समजा. शहाळेवाला असेल तर त्याच्या कवट्यांचं वजन इतकं असतं की तो एकटा सगळे आकडे बिघडवतो. त्याची नोंद स्वतंत्र करा. दवाखाना किंवा पॅथॉलॉजी लॅब असेल तर त्यांचा जैववैद्यकीय कचरा २०१६ च्या स्वतंत्र नियमांखाली पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगाच्या व्यवस्थेतून अधिकृत संस्थेकडे जातो. तो तुमच्या ताडपत्रीवर आला, तर निवडणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

सात दिवसांचे आकडे हातात आले की हिशेब करायचा. समजा, चाळीस घरांतून रोज ४० किलो ओला कचरा निघतो आहे. किलोमागे साधारण दोन लिटर धरले तर तो ८० लिटर झाला. त्यात जवळजवळ तेवढाच सुका पाला मिसळावा लागतो, म्हणजे रोज १६० लिटर. एक घनमीटरचा खड्डा १,००० लिटरचा, पण माल रोज खाली बसत जातो, म्हणून तो सहा दिवसांऐवजी नऊ-दहा दिवसांनी भरतो. खत व्हायला दोन महिने धरा. म्हणजे सहा खड्डे भरायला आणि सातवा उलथापालथीला मोकळा. सोसायटीत सात घनमीटरच्या खड्ड्यांना जागा आहे का, हे टाकी विकणाऱ्याला विचारायच्या आधी स्वतः टेपने मोजा. नसेल तर अर्ध्या घरांचाच ओला कचरा इथे जिरवा आणि बाकीचा वेगळा केलेला गाडीत द्या. अर्धा नीट जिरलेला कचरा पुरा सडलेल्या कचऱ्यापेक्षा चांगला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक मानलं आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. तुम्ही त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात, हेही वहीतूनच कळेल.

एकट्या घराचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. चौघांच्या घरात रोज किलोभर ओला कचरा धरला तर भोकं पाडलेले ६० लिटरचे तीन ड्रम पाळीपाळीने पुरतात: एक भरत असलेला, एक मुरत असलेला, एक रिकामा होत असलेला.

आता खताकडे. शास्त्रीय कंपोस्टचा पाया ज्या पद्धतीने घातला गेला ती ‘इंदूर पद्धत’ होळकरांच्या इंदुरातली आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या वनस्पती संशोधन संस्थेत काम करत होते आणि १९३१ मध्ये या विषयावर त्यांचं जे पुस्तक निघालं त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. हॉवर्ड जगभर गाजले, वाडांचं नाव आपण मराठी लोकांनीही फारसं घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं. शेतातला काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचायची, ठरावीक वेळी ढीग उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. त्यामागचं तत्त्व आपल्या सोसायटीतही तसंच चालतं. जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. भाजीच्या सालांत हे प्रमाण साधारण १५ ते २० असतं, वाळल्या पानांत ५० च्या वर. सालं एकटी ठेवली की नत्र जास्त होतं आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. पाला घातला की तोल सावरतो.

बडोद्यात पाल्याची एक खास गोम आहे. कडुनिंब आणि पिंपळ पानं टाकतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पाल्याची खरी निकड लागते जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा हवेतच पाणी असतं आणि सालं चिकचिकीत होतात. म्हणजे वसंतातला पाला पावसाळ्यासाठी बेगमी म्हणून साठवायला हवा. प्रत्यक्षात त्याच महिन्यांत तो कोपऱ्यात लोटून पेटवला जातो. हे जाळणं बेकायदा आहे, आणि त्याहून मोठं नुकसान हे की आपण खताचा निम्मा कच्चा माल धुरात घालवतो. गोण्या आणून पाला दाबून भरा, जिन्याखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली कोरडा ठेवा. चाळीस घरांना रोज चार डबे पाला लागतो, त्यावरून किती गोण्या हव्यात ते काढा. देशी बदामाची मोठी पानं एकावर एक चिकटून चटई करतात आणि हवा अडवतात. आसोपालवाची पानं चिवट. दोन्ही आधी चुरून घ्या. पाला संपला तर फाडलेला पुठ्ठा किंवा साध्या लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मात्र नको, त्यात गोंद असतो.

ओलावा बघायला यंत्र लागत नाही. खड्ड्याच्या मधला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाला वाढवा, काहीच न येता मूठ उघडताच माल सुटला तर पाणी शिंपडा. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, ढीग वरून वाळतो आणि काम थांबतं. तेव्हा ओलं गोणपाट टाका. वासावरूनही निदान होतं: अमोनिया आला तर पाला कमी, सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कमी. दुसऱ्या वासावर फावड्याने माल उलटल्याशिवाय इलाज नाही, वरून कुठलीही पावडर टाकून तो वास जात नाही.

एक घनमीटरचा ढीग चांगला जमला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतून तापतो. लोखंडी सळई मध्ये खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर आत ५५ अंशांच्या आसपास उष्णता आहे. सलग तीन दिवस ती टिकली आणि ढीग उलटून बाहेरचा मालही आत गेला, तर रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. बाल्कनीतला ड्रम इतका तापत नाही, म्हणून त्यात शिजवलेलं अन्न थोडंच, निथळून घाला आणि मांसमच्छी घालू नका. ड्रममध्ये जाड राखाडी अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, घरात येत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. वर पाल्याचा थर द्या, दिसायच्या थांबतील. गांडूळखताच्या वाफ्यात मात्र सेव-उसळवाल्याची लिंबं आणि कांदे नकोत, गांडुळं तिथून पळतात. ती तापणाऱ्या खड्ड्यात बारीक चिरून घाला. बडोद्याचा मे महिनाही गांडुळांना सोसत नाही. सावली आणि रोजचं पाणी जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

सणांचे आकडे वेगळे. गणपतीत निर्माल्य वाढतं. त्यातला दोरा, जर आणि प्लास्टिक काढल्याशिवाय ते खड्ड्यात नको. उत्तरायणात पतंगाचा दोरा एका पिशवीत गोळा करा, कारण तो फावड्याच्या दांड्याला आणि पक्ष्यांच्या पायाला सारखाच गुंततो. आमरसाच्या दिवसांत कोयी वाळवून बाजूला ठेवा, दोन महिन्यांत त्या कुजत नाहीत. लग्नसराईचा आठवडा तपासणीसाठी निवडू नका.

खड्डे कुठे करायचे ते ऑगस्ट २०२४ च्या पुराने शिकवलं आहे. विश्वामित्री नदी फुगली की कांसांचं, म्हणजे तिला मिळणाऱ्या नाल्यांचं, पाणी पुढे सरत नाही आणि ते सोसायट्यांत शिरतं. भूखी कांस आपल्याच बाजूने वाहते, हे लक्षात ठेवून खड्डे जमिनीत खोल नेण्यापेक्षा विटांच्या चौथऱ्यावर जाळीदार भिंतींचे बांधा. पुराचं पाणी एकदा आत गेलंच तर त्यात सांडपाणी असतं. तो माल पुन्हा तापवून फुलझाडांना घाला, मेथी-कोथिंबिरीला नको.

सुक्या कचऱ्याबद्दल थोडक्यात, कारण इथे आपल्याहून पस्तीवाल्याला जास्त कळतं. त्याला अर्धा तास बसवून विचारा की तो काय घेतो, कुठल्या भावाने, आणि काय का घेत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा नंतर कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून वाळवली की तिला भाव आहे. चहाचा कागदी कप कागद म्हणून जात नाही, कारण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. टपरीवाल्या भाईंना काचेच्या ग्लासाकडे वळवणं हाच त्यावर टिकणारा उपाय. वेफर्सच्या चमकत्या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. ती वेगळी, कोरडी साठवली तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, खरकट्यात भिजली तर कुठेच जात नाहीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या.

हे काम माणसांच्या जोरावर चालतं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या बाईला घराकडून ठरलेली रक्कम मिळते आणि सुका माल विकायचा हक्कही तिचा. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोच लोकांनी बघायला यावा असा झाला, तोही प्रामुख्याने घरोघरी केलेल्या बारीक वर्गीकरणाच्या बळावर. इंदुरात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला रोज ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो, कारण त्याला मिळणारा ओला कचरा स्वच्छ असतो. आपल्याकडे उत्तरेच्या निजामपुऱ्यातला मिसळलेला कचरा शहर ओलांडून दक्षिणेला जांबुव्याच्या भरावाकडे जातो तेव्हा त्यातली केळीची सालं हवेविना कुजून मिथेन करतात. गाडीवरच्या माणसाने ती वेगळी काढावी अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

दुकानदारांशी ठराव करताना तीन गोष्टी लिहून घ्या: रात्री शटर पाडायच्या आधी माल कुठल्या पेटीत जाईल, पेटीची किल्ली कुणाकडे, आणि खड्डा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या पगारात दुकानांचा वाटा किती. वाटा वजनावर ठरवा, दुकानाच्या चौरस फुटांवर नको. मोबाइलच्या दुकानाने फरसाणवाल्याइतके पैसे का द्यावेत, याला तुमच्याकडे आता उत्तर असेल. डब्यांवरच्या पाट्या गुजराती, मराठी आणि हिंदीत करा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वर चित्रं काढा. भाजीवाल्याची हिरवी पानं पांजरापोळाला द्यायची असतील तर पिशवीतून देऊ नका, टोपलीतून द्या.

दोन महिन्यांनी खत चाळायचं. चाळणीवर राहिलेला जाडा भाग नव्या खड्ड्यात पुन्हा घाला, विरजण म्हणून तो उत्तम. खाली पडलेला माल काळसर-तपकिरी, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीच्या वासाचा हवा. तरी वापरण्याआधी परीक्षा घ्या. एका कुंडीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती भरा, आणि दोन्हींत मुगाचे वीस-वीस दाणे पेरा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखेच कोंब आले तर खत पिकलं आहे. खताच्या कुंडीत कमी आले किंवा पानांच्या कडा करपल्या, तर ते अजून कच्चं आहे. त्याला ओलसर ठेवून आणखी तीन आठवडे सावलीत मुरू द्या आणि पुन्हा वीस दाणे पेरून बघा.